नौकाविहारावर बंधनं आल्यावर तलावाकाठचा धंदा कसा सावरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तलावाकाठच्या पर्यटनगावात मोटारबोटींवर बंधनं आली. काही बोटी पूर्ण बंद झाल्या, काहींना वेगमर्यादा लागली, बाहेरून स्वतःची बोट घेऊन येणाऱ्यांना तपासणी सक्तीची झाली. पहिल्याच हंगामात गर्दी निम्म्यावर आल्यासारखी वाटते. व्यापारी मंडळ आणि स्थानिक प्रशासन यांच्यापुढे तीन प्रस्ताव आहेत: मोठी जाहिरात मोहीम, एक महोत्सव, आणि व्यावसायिकांना सवलतीच्या व्याजाचं कर्ज. यातलं आधी काय करावं?

माझं उत्तर: तिन्ही आत्ता नको. यातलं एकही वाईट नाही, पण तिन्ही उपाय नेमकं काय बुडालं हे न पाहता सुचवलेले आहेत.

बोट बंद झाली की आपण बुडालेली तिकिटं मोजतो. प्रत्यक्षात बोटीने तुमच्या गावाला तिकिटापेक्षा फार मोठी गोष्ट दिलेली असते, ती म्हणजे पाहुण्याचा वेळ. कुटुंब सकाळी उशिरा पोचतं, बोटीच्या रांगेत उभं राहतं, फेरी मारतं, भुकेलं होऊन जेवायला बसतं. मुलं पुन्हा एकदा म्हणतात. तोवर ऊन कलतं, मग सूर्यास्त बघूनच जाऊ असं ठरतं, आणि अंधारात गाडी चालवण्यापेक्षा खोली घेऊ म्हणून कुणीतरी लॉजमध्ये चौकशी करतं. या साखळीतून बोट काढून घेतली तरी माणसं येतात. फक्त दीड तासात फोटो काढून परत जातात. गाड्यांची संख्या फारशी न घटता गल्ला का रिकामा, असं कोडं पडतं ते यामुळे. म्हणून पुढचं सगळं नियोजन 'पर्यटक किती आले' यावर न करता 'किती तास थांबले' यावर करा. जाहिरातीने माणसं येतीलही, पण तास वाढणार नाहीत. आणि दीड तासात कंटाळून गेलेला माणूस घरी जाऊन जे सांगतो, ते तुमच्या जाहिरातीपेक्षा लांब पोचतं.

पण तास कशाने भरायचे, हे ठरवण्याआधी बंदी का आली आणि किती काळ राहणार, हे स्पष्ट हवं. याला मी सगळ्यात जास्त वजन देतो, कारण इथे चुकीचा अंदाज धरला की पुढचा सगळा पैसा वाया जातो.

निळ्या-हिरव्या शेवाळाचा बहर आला असेल तर प्रश्न बहुधा आठवड्यांचा किंवा एका हंगामाचा असतो. पण त्या काळात वल्ह्याची होडीसुद्धा सुरक्षित पर्याय नाही, कारण विषारी बहर असेल तर अंगावर उडणारं पाणीही नको. पाणीपातळी घसरली असेल तर एक पावसाळाही पुरेल किंवा काही वर्षंही लागतील. धरणाची दुरुस्ती असेल तर वर्षं लागतात, पण शेवट ठाऊक असतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या बकाय तलावाचं उदाहरण या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे. २०१५ साली तिथल्या जुन्या मातीच्या धरणाबद्दल गंभीर धोक्याचा अहवाल आला आणि पाणी खाली ठेवावं लागलं. नवं धरण पूर्ण व्हायला २०१८ उजाडलं. पण संपूर्ण काम होईपर्यंत सगळं थांबवून ठेवलं नाही. आधी तात्पुरता मजबुतीचा बांध घातला, जेणेकरून मधल्या काळात पाणी थोडं तरी वर घेता यावं. अशा अधल्यामधल्या टप्प्याची मागणी करणं हे व्यापारी मंडळाचं काम आहे. अभियंते अंतिम कामाचा विचार करतात. पुढचा हंगाम कसा निघेल, हे त्यांना कुणीतरी विचारावं लागतं.

बोटींबरोबर एका तलावातून दुसऱ्यात पसरणाऱ्या परदेशी शिंपल्यांमुळे बंधन आलं असेल, तर ते कायमचं आहे असंच समजून चाला. क्वागा जातीचा शिंपला अमेरिकेतल्या मीड जलाशयात जानेवारी २००७ मध्ये सापडला. युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवरात तो २०१६ मध्ये पोचला. एकदा मोठ्या तलावात बस्तान बसलं की तो हटवता येत नाही. अमेरिकेतल्याच आयडाहो राज्यात ट्विन फॉल्सजवळ स्नेक नदीत २०२३ च्या सप्टेंबरात त्याच्या अळ्या दिसल्या. नदीचा पट्टा बंद करून तांबंयुक्त रसायन सोडलं, तरी २०२४ मध्ये अळ्या पुन्हा आढळल्या आणि पुन्हा तेच करावं लागलं. त्यामुळे अजून शिंपला न पोचलेल्या तलावांनी दारावरच पहारा बसवणं स्वाभाविक आहे. 'दोन वर्षांत उठेल' या आशेवर कर्ज काढणाऱ्याला आधीच सावध करा.

अपघातानंतरची बंदी वेगळी. केरळमध्ये थेक्कडीला पेरियार जलाशयात ३० सप्टेंबर २००९ रोजी बोट उलटली आणि ४५ जण गेले. अशा घटनेनंतर फक्त परवानगी परत मिळवून भागत नाही, लोकांचा विश्वास परत मिळवावा लागतो. इथे बंदी किती लवकर उठते यापेक्षा उठताना काय बदललेलं दिसतं ते महत्त्वाचं: प्रवाशांची मोजणी, प्रत्येकाच्या अंगावर जाकीट, बोटीच्या वहनक्षमतेचा ठळक फलक. आणि पर्यावरणाच्या कारणाने न्यायालयीन आदेश आला असेल, जसा २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भोपाळच्या भोज पाणथळीत मोटारबोटी आणि क्रूझ बंद करण्याचा दिला, तर तो तुमच्या आमदाराच्या फोनने उठणार नाही. तो पाण्याचा साठा शहर पितं, हे ध्यानात घेतलं की विरोधाची भाषाही बदलावी लागते.

तेव्हा पहिलं पत्र बंदी घालणाऱ्या यंत्रणेला जाऊ द्या आणि त्यात एकच विचारा: कोणत्या अटी पूर्ण झाल्या की कोणतं बंधन सैल होईल, ते लेखी द्या. तारीख मागू नका. तारीख कुणी देत नाही, दिली तर पाळत नाही. अटी मात्र देता येतात: पाण्याच्या सलग अमुक चाचण्या स्वच्छ, पातळी अमुक खुणेच्या वर, तपासणी नाका सुरू. अटी हातात आल्या की लॉजवाल्याला खोल्या दुरुस्तीला काढायच्या की सुरू ठेवायच्या, हे ठरवता येतं.

आता पैशाकडे. सर्वात आधी पैसा कुणाकडे जावा? ज्याचं उत्पन्न शून्यावर आलं त्याच्याकडे, आणि रोख स्वरूपात. बोटचालक, धक्क्यावर दोर धरणारा, तिकीट खिडकीवरची हंगामी मुलगी, इंजिन दुरुस्त करणारा. यातल्या बऱ्याच जणांची नोंद कुठेच नसते, म्हणून बैठकीत ते दिसत नाहीत. बैठकीला हॉटेलमालक येतात, कारण त्यांच्याकडे बैठकीला यायला वेळ आणि लेटरहेड दोन्ही असतं. नावांची यादी धक्क्यावर जाऊन बनवा.

फिलिपिन्सने बोराकाय बेट २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने पर्यटकांना बंद ठेवलं. तलाव नव्हे, समुद्रातलं बेट, पण प्रश्न हाच होता. निर्णय जाहीर झाल्यापासून दारं बंद होईपर्यंत मध्ये जेमतेम तीन आठवडे होते आणि त्याची झळ असंघटित कामगारांना सर्वाधिक बसली. सरकारने विस्थापित कामगारांना तात्पुरत्या रोजगार योजनेतून बेटाच्या सफाईची, दुरुस्तीची कामं दिली. त्या योजनेच्या अंमलबजावणीत त्रुटी होत्या, पण कल्पना मला पटते: ज्या कारणाने बंदी आली त्याच कारणावरचं काम, बंदीने बेकार झालेल्या माणसाला. तुमच्याकडे शेवाळ असेल तर पाण्याचे नमुने गोळा करणं आणि काठावरच्या सांडपाण्याच्या वाटा शोधणं, शिंपल्याचा धोका असेल तर तपासणी नाक्यावरची नोकरी. बोटीचा कोपरा न् कोपरा ओळखणारा माणूस चार दिवसांच्या प्रशिक्षणात कुणाही बाहेरच्या तरुणापेक्षा चांगला तपासनीस होतो.

दुसऱ्या फळीत येतात ते स्थिर खर्च. धंदा बंद असला तरी धक्क्याचं भाडं, परवाना शुल्क, विम्याचा हप्ता, कर्जाचा हप्ता चालूच राहतो. ज्या जागा प्रशासनाच्याच मालकीच्या आहेत त्यांचं भाडं त्याच प्रशासनाने बंदीच्या काळात घेणं मला समजत नाही. परवाना शुल्क पुढच्या वर्षात वळतं करणं हा कागदाच्या एका पानाचा निर्णय आहे. विम्याबद्दल फार आशा धरू नका. धंदा बंद पडल्याची भरपाई देणाऱ्या बहुतेक पॉलिसींना मालमत्तेचं प्रत्यक्ष नुकसान झालेलं लागतं, नुसता सरकारी आदेश पुरत नाही. तरी पॉलिसी वाचून घ्या, काहींमध्ये आदेशाचं वेगळं कलम असतं.

कर्जाचं काय? ज्याचं उत्पन्न परत येणार हे लेखी अटींवरून दिसतं, त्याला मधला काळ निभावायला कर्ज ठीक आहे. पण ज्याचा ग्राहक कायमचा गेला, त्याला सवलतीचं का होईना, कर्ज देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात ढकलणं. वेगवान बोटी विकणारा, फक्त त्यांना इंधन देणारा पंप, मोठी इंजिनं दुरुस्त करणारं गॅरेज, यांच्यासाठी वेगळी मदत लागते: जुनं देणं आटोक्यात आणणं, यंत्रसामग्री दुसऱ्या तलावावर विकायला मदत, नवं कौशल्य शिकताना घरखर्च. धंदा बंद करायला मदत हा शब्दप्रयोग योजनेत कुणाला आवडत नाही. पण अशी मदत न दिल्यामुळे माणसं घर गहाण टाकून संपलेला धंदा चालवत राहतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

इथे ब्रिटनमधला २००१ चा अनुभव आठवतो. गुराढोरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि संसर्ग पसरू नये म्हणून देशभर पायवाटा सरसकट बंद केल्या गेल्या. कंब्रिया परगण्याला, म्हणजे सरोवरांसाठी प्रसिद्ध असलेल्या लेक डिस्ट्रिक्टच्या भागाला, साथीचा सर्वाधिक तडाखा बसला. ज्यांची जनावरं मारावी लागली त्या शेतकऱ्यांना भरपाई मिळाली. पर्यटनावर जगणाऱ्यांना तशी भरपाई नव्हती, त्यांच्या वाट्याला करातली सूट आणि मुदतवाढ आली. पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब मांडला तेव्हा सरकारी तिजोरीचं नुकसान ३ अब्ज पौंडांहून अधिक आणि खासगी क्षेत्राचं ५ अब्ज पौंडांहून अधिक निघालं. यातून दोन धडे घ्यावेत. एक, 'पर्यटनाचं नुकसान अप्रत्यक्ष' असं म्हटलं की ते कागदावरून गायब होतं, म्हणून पहिल्या आठवड्यापासून आकडे जमवा. दुसरा, 'ग्रामीण भाग बंद आहे' असा जो समज पसरला तो बंद भागाबरोबर उघड्या भागालाही खाऊन गेला. वाटा उघडल्या तरी लोकांच्या डोक्यातला समज लगेच उघडत नाही.

त्यामुळे 'तलाव बंद' हे शब्द तुमच्या गावातून हद्दपार करा. काय बंद आहे त्यापेक्षा काय चालू आहे ते आधी सांगा, आणि खरं सांगा. एकच पान ठेवा, रोज सकाळी ताजं होणारं. लॉजचा फोन उचलणारा, रिक्षावाला, नाक्यावरचा फलक, सगळ्यांनी त्याच पानावरचे शब्द वापरायचे. ज्यांचं बुकिंग आधीच झालं आहे त्यांना फोन करून बोटीची परिस्थिती सांगा. काही रद्द करतील. पण न सांगता आलेला पाहुणा धक्क्यावर पोचून जो तमाशा करतो, त्याची चित्रफीत वर्षभर फिरते.

आकडे जमवायला सल्लागार नेमू नका. दहा-बारा व्यावसायिक निवडा: दोन लॉज, दोन होमस्टे, चार खानावळी, वाहनतळ, एखादं किराणा दुकान. आठवड्याला एक ओळ भरून घ्या: किती खोल्या भरल्या, दुपारची किती बिलं, संध्याकाळी सहानंतरची किती. वाहनतळावर गाडी किती वाजता आली आणि किती वाजता गेली, एवढं लिहिलं तरी 'तास' मोजले जातात. गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करताना पाऊस आणि सुट्ट्या बघा, नाहीतर पावसाचा दोष बोटीच्या माथी बसेल. कुणाचा आकडा कुणाला दिसणार नाही याची हमी द्या, त्याशिवाय खरे आकडे येत नाहीत.

आता तास भरण्याबद्दल. इथे लोक सर्वात आधी इलेक्ट्रिक बोटींचं नाव काढतात, आणि मी प्रत्येक वेळी तोच प्रतिप्रश्न करतो: बंदीचं कारण काय? धूर, तेल आणि आवाज हे कारण असेल तर इलेक्ट्रिक बोट नेमकं उत्तर आहे. लाटांमुळे काठ ढासळणं हे कारण असेल तर इंजिन कशावर चालतं याला अर्थ नाही, वेग आणि बोटीचा आकार बघायला हवा. शिंपले हे कारण असेल तर इंधनाचा संबंधच नाही. शिंपल्यांच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि बोटीत साचलेल्या पाण्यातून एका तलावातून दुसऱ्यात जातात. आणि कारण सुरक्षिततेचं असेल तर बॅटरीने काही सुटत नाही.

शिंपल्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. धोका बाहेरून येणाऱ्या बोटीचा असतो. जी बोट त्याच तलावात राहते, बाहेर जातच नाही, तिच्याकडून आणलं जाण्यासारखं काही नसतं. कॅलिफोर्निया-नेव्हाडा सीमेवरच्या टाहो सरोवरावर २००८ पासून बाहेरच्या मोटारबोटींची तपासणी सक्तीची आहे. बाहेर पडताना बोट आणि ट्रेलर यांना तारेचं सील लावतात. ते शाबूत असेल तर पुढच्या वेळी त्याच सरोवरात पुन्हा तपासणीची गरज नसते. २०२४ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात सोनेरी शिंपला ही आणखी एक परदेशी जात सापडल्यावर तिथल्या अनेक जलाशयांनी तर सीलबंद बोट काही आठवडे कोरडी ठेवण्याचीच अट घातली. ज्याची बोट महिनाभर अडकते तो माणूस भाड्याची बोट घेतो. म्हणजे हे बंधन स्थानिक बोटभाड्याच्या बाजूने झुकतं. पाहुण्याची बोट गेली, पण तुमच्या धक्क्यावर कायम राहणाऱ्या बोटींचा ताफा उभा करता येतो, आणि त्याचा पैसा गावातच राहतो.

कायमच्या बंधनातून माल कसा तयार होतो याचा जुना दाखला जर्मनीतल्या क्योनिगझे सरोवराचा. तिथे १९०९ पासून विजेवरच्या प्रवासी बोटी चालतात. वाटेत नावाडी बोट थांबवून तुतारी वाजवतो आणि समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनी येतो. इंजिनांचा गलका असता तर हा कार्यक्रमच झाला नसता. शांतता विकता येते, पण त्यासाठी ती पुरती असावी लागते. पाण्यावर शांतता आणि काठावर ध्वनिवर्धक, असं अर्धवट चालत नाही.

तुमच्याकडे पहिल्या हंगामात जमेल असं: पहाटेची वल्ह्याची फेरी, पक्षी दाखवणारा माणूस सोबत. कयाक. काठाने सलग चालता येईल अशी वाट, जी सध्या बहुधा कुणाच्या तरी कुंपणाशी तुटते. संध्याकाळी काहीतरी, कारण मुक्काम संध्याकाळीच ठरतो. यातली वाट सर्वात महत्त्वाची आणि सर्वात कंटाळवाणी, म्हणून तिला निधी मिळत नाही. आणि वल्ह्याची होडी म्हणजे सुरक्षित, असं समजू नका. वारा उलटला की नवखा माणूस परत काठाला येऊ शकत नाही. प्रत्येकाला जाकीट, ठरलेली हद्द, आणि बचावासाठी एक तयार बोट लागतेच. बचावबोटीला बंदीतून सूट मागा आणि तिथे जुन्या बोटचालकांना कामावर घ्या.

नव्या परवान्यांवर पहिला हक्क कुणाचा, हे मात्र उद्घाटनाच्या आधी ठरवा. बंदीने ज्यांचा धंदा गेला त्यांना पहिली संधी, आणि गटाने अर्ज करण्याची मुभा. लिलाव केलात तर कयाकचा ठेका बाहेरचा भांडवलदार घेऊन जाईल, आणि बोटचालक त्याच्याकडे रोजंदारीवर लागतील. मग गावाचे आकडे सुधारतील आणि धक्क्यावरची घरं तशीच राहतील.

महोत्सव करायचाच तर ऐन हंगामात करू नका. दोन दिवसांची गर्दी, बाहेरून आलेले स्टॉल, कचरा गावाला. हंगामाच्या कडेला, दर आठवड्याला काहीतरी छोटं ठेवलं तर मुक्काम वाढायला ते जास्त उपयोगी पडतं.

बंदीविरुद्ध लढायचं का? लढा, पण वेगळ्या खोलीतून. एकीकडे 'आमचा तलाव मेला' असे फलक आणि दुसरीकडे 'या, तलाव बघायला' अशी जाहिरात एकाच मंडळाच्या नावाने निघाली की वाचणारा पहिल्यावर विश्वास ठेवतो. लढताना मागणी मुदतीची करा, ती बहुतेकदा मिळते. इंग्लंडमध्ये विंडरमियर सरोवरावर ताशी १० सागरी मैलांची वेगमर्यादा २००० साली मंजूर झाली, ती लागू झाली २९ मार्च २००५ ला. वॉटर-स्कीइंग करणारे त्यावर नाराजच राहिले, पण काठच्या व्यवसायांना दुसरा ग्राहक शोधायला पाच वर्षं मिळाली. सरकारला जवळजवळ फुकट पडणारी मदत म्हणजे मुदत.

बंधन सैल झालंच, तर पहिल्या दिवशी सगळं उघडू नका. बोराकाय पुन्हा उघडताना दिवसाला ६,४०५ पर्यटकांची मर्यादा घातली गेली. तुमच्याही बोटींना फेऱ्यांची वेळ आणि संख्या ठरवून द्या, तिकीट आधी वेळ ठरवून विका, आणि शेवटची फेरी सूर्यास्ताच्या जवळ ठेवा, म्हणजे माणसं दुपारीच परतणार नाहीत. ती आठवड्याची एक ओळ तेव्हाही भरत राहा, निदान दोन हंगाम.